बेदखल अवध

लखनौच्या आग्नेयेला, गोमतीच्या काठाजवळ दिलकुशा कोठीचे भग्न बुरूज उभे आहेत. १८०० च्या सुमारास गोर औसली या इंग्रज अधिकाऱ्याने नवाब सआदत अली खानासाठी ती उभारली, इंग्लंडातल्या सीटन डेलावल हॉलच्या धर्तीवर. नवाबाचे ते शिकारीचे ठिकाण. नोव्हेंबर १८५७ मध्ये इंग्रज सेनानी सर हेन्री हॅवलॉक इथेच हगवणीने वारला. सत्तावन्नची लढाई संपल्यावर इंग्रजांनी आपली नवी छावणी वसवली ती याच परिसरात. जुनी छावणी नदीपलीकडे, उत्तरेला मडियांवला होती. ३० मे १८५७ च्या रात्री तिथले शिपाई उठले आणि छावणीचे बंगले जळाले. नव्या जागी पुन्हा तसे होऊ नये म्हणून भोवताली मोकळी जमीन हवी होती, भरपूर हवी होती. ती आसपासच्या गावांतून घेतली गेली.

शहराचेही तेच झाले. मार्च १८५८ मध्ये कर्नल रॉबर्ट नेपियरने लखनौ कायमचे कह्यात कसे ठेवावे याचे टिपण लिहिले. मच्छी भवन किल्ल्याभोवती तोफांना मोकळे मैदान हवे, गल्ल्यांचे जाळे चिरत जाणारे रुंद रस्ते हवेत, म्हणजे पलटण कुठूनही कुठेही वेळेत पोचेल. वीणा तलवार ओल्डेनबर्ग यांनी या काळाचा बारकाईने अभ्यास केला आहे. त्यांच्या मते त्या काही वर्षांत शहराचा जवळजवळ दोन पंचमांश भाग पाडला गेला. बडा इमामबाडा लष्कराच्या ताब्यात गेला. आज पर्यटक ज्या रुंद रस्त्यांचे कौतुक करतो, त्यांतले काही रस्ते कुणाच्या तरी घरांवरून गेलेले आहेत.

पण छावणी आणि शहर मिळून जे गेले ते थोडे म्हणावे अशी गोष्ट त्याच मार्च महिन्यात घडली. गव्हर्नर जनरल लॉर्ड कॅनिंग याने जाहीरनामा काढला आणि अवध प्रांतातल्या संपूर्ण जमिनीची मालकी ब्रिटिश सरकारजमा केली. अपवाद फक्त सहा जमीनदारांचा. बलरामपूरचे राजे दिग्विजय सिंह हे त्यांतले सर्वांत मोठे. बाकी कोट्यवधी बिघे जमीन, तिच्यावरचे पिढ्यान् पिढ्यांचे हक्क, गावांच्या सीमा, आमराया, तळी, सारे एका कागदाने सरकारचे झाले. खुद्द इंग्रजांनाही हे पचले नाही. लखनौतला कमिशनर जेम्स औट्रम याने आक्षेप घेतला. लंडनमध्ये हिंदुस्थानचा कारभार पाहणाऱ्या लॉर्ड एलेनबरोने कॅनिंगची खरडपट्टी काढणारा खलिता पाठवला. तो बाहेर फुटला, गदारोळ झाला आणि एलेनबरोलाच राजीनामा द्यावा लागला. जाहीरनामा राहिला.

अवधच्या शेतकऱ्याचे नेमके काय गेले हे समजायला जरा मागे जावे लागते. आपल्याकडे जसे मिरासदार आणि उपरी, कोकणात जसा खोत आणि कूळ, तसे अवधमध्येही एका शेतावर अनेकांचे हक्क एकावर एक रचलेले असत. वर तालुकदार, म्हणजे किल्लेवजा गढीत राहणारा, तोफा आणि पायदळ बाळगणारा राजा. त्याच्याखाली गावचे जुने भाऊबंद मालक. त्यांच्याखाली कसणारा. आणि सगळ्यांत खाली नांगरे, राखणदार, ताडी काढणारे, मेलेली ढोरे ओढणारे. यांतल्या कुणाचा हक्क कागदावर होता, कुणाचा नुसता वहिवाटीत. कसणाऱ्याला काढून टाकायचे तर तालुकदारालाही दहादा विचार करावा लागे. माणूस गेला की शेत पडीक राहणार, शिवाय लढाईला माणसे कुठून आणायची?

फेब्रुवारी १८५६ मध्ये कंपनीने अवध खालसा केले, वाजिद अली शाहला कलकत्त्याला पाठवले आणि लगेच जमीनमोजणी सुरू केली. इंग्रज अधिकाऱ्यांचा तेव्हाचा विचार असा, की तालुकदार हे बळजबरीने घुसलेले मधले लोक आहेत, त्यांना दूर करून गावच्या खऱ्या मालकांशी करार करावा. तालुकदारांकडे असलेल्या साधारण साडेतेवीस हजार गावांपैकी जवळजवळ दहा हजार गावे त्यांच्याकडून काढून घेतली गेली. वर्षभरात उठाव झाला, आणि ज्या गावांना जमीन मिळाली होती त्यांतली असंख्य गावे आपल्या जुन्या राजाच्याच मागे उभी राहिली. कॅनिंगने यातून निष्कर्ष काढला तो असा: या शेतकऱ्यांना स्वतःच्या हक्काची किंमत नाही, तेव्हा जमीन तालुकदारांनाच द्यावी. काल बंदूक घेऊन समोर उभा होता त्याला शरण येताच माफी, वर जमिनीची पक्की सनद. ऑक्टोबर १८५९ मध्ये लखनौला दरबार भरला, सनदा वाटल्या गेल्या. १८६९ च्या कायद्याने या घराण्यांची यादीच छापली गेली. पावणेतीनशेच्या आसपास नावे, आणि अवधच्या जमिनीचा फार मोठा भाग त्यांच्या हाती.

इथे थांबून नीट पाहिले पाहिजे, कारण सत्तावन्नच्या आपल्या गौरवकथांत हा भाग सहसा येत नाही. सरकारने जमीन जप्त केली ती सगळ्यांची, परत दिली ती मूठभरांना. मधल्या भाऊबंदांचे हक्क पुष्कळ ठिकाणी बुडाले आणि कसणारा 'मर्जीचे कूळ' झाला. मालकाची मर्जी फिरली की नोटीस द्यायची आणि शेतातून काढायचे. त्याला तिकडे बेदखली म्हणत. ज्या राजांच्या पराक्रमाची गाणी गायली गेली, त्यांच्यापैकी कित्येकांच्या नातवांनी ती बेदखली वापरली. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि एकीसाठी दुसरी झाकण्यात काही अर्थ नाही.

या उतरंडीच्या तळाशी होते पासी. ताडाच्या झाडावर चढून ताडी उतरवणारे, डुकरे पाळणारे, गावची राखण करणारे, तिरंदाजीत वाकबगार. तालुकदारांच्या फौजांत त्यांचा मोठा भरणा असे. १८४९-५० मध्ये अवधभर हिंडलेल्या इंग्रज रेसिडेंट स्लीमनने पासींची संख्या एक लाख कुटुंबे अशी नोंदली आणि त्याच दमात त्यांना जातिवंत चोर ठरवले. पासी स्वतःबद्दल काय सांगतात? ते म्हणतात, हा मुलूख आमचा होता. लखनौ वसवले ते लखन पासी राजाने. बिजली पासी राजाचे बारा किल्ले होते. छावणीच्या दक्षिणेला, आशियाना वस्तीत, बिजली पासीच्या किल्ल्याचे म्हणून दाखवले जाणारे उंच मातीचे ढिगारे आहेत. लखनौ हे लक्ष्मणाचे, असे दुसरी परंपरा सांगते, आणि नवाबी लखनौला या दोन्ही कथांशी कर्तव्य नव्हते. बाराव्या शतकातल्या पासी राज्यांचा शिलालेखी पुरावा कुणी मागितला तर उत्तर अवघड आहे. पण ज्यांना लिहू दिले नाही त्यांच्याकडे शिलालेख मागणे ही एक अजब अट आहे. अवधच्या अनेक गावांत पांढरीच्या टेकाडाला लोक पासी किंवा भर जमातीच्या राजांची गढी म्हणतात. एवढ्या गावांनी तीच आठवण जपावी, हाही एक दाखलाच आहे.

१६ नोव्हेंबर १८५७ रोजी सिकंदर बागेत जे घडले त्याची नोंद मात्र इंग्रजांनीच करून ठेवली आहे. इंग्रज सेनापती कॅम्पबेलच्या फौजेने बागेच्या भिंतीला भगदाड पाडले आणि आत कोंडलेल्या सुमारे दोन हजार शिपायांची कत्तल केली. पंधराएक मिनिटांत संपावी अशी ती चकमक नव्हती. खोल्याखोल्यांतून, जिन्यांवरून ती बराच वेळ चालली. हायलँडर पलटणीतला विल्यम फोर्ब्स-मिचेल आपल्या आठवणींत सांगतो, की आतल्या पिंपळाखाली बरेच गोरे सैनिक मरून पडलेले दिसले आणि त्यांच्या जखमा वरून लागलेल्या गोळ्यांच्या होत्या. वॉलेस नावाच्या सैनिकाने फांद्यांत नेम धरला. खाली जे कोसळले त्याच्या अंगात लाल सदरा आणि गुलाबी विजार होती. पडताना सदरा उसवला, तेव्हा कळले की ती बाई आहे. तिच्याजवळ घोडदळाची दोन जड पिस्तुले होती. वॉलेस ढसाढसा रडला.

फोर्ब्स-मिचेलने तिचे नाव दिलेले नाही. त्याला ते ठाऊक असण्याचे कारणही नव्हते. पासी सांगतात, ती ऊदादेवी. तिचा नवरा मक्का पासी चिनहटच्या लढाईत, ३० जून १८५७ ला, पडला होता. १९७३ मध्ये सिकंदर बागेजवळ तिचा पुतळा उभा राहिला आणि दरवर्षी १६ नोव्हेंबरला पासी समाज तिथे जमतो. बद्री नारायण यांच्यासारख्या अभ्यासकांनी दाखवले आहे, की ही कथा छापील पुस्तिकांतून, मेळ्यांतून, भाषणांतून कशी पसरली. काही जण म्हणतात, हे राजकारणातून घडवलेले आहे. इंग्रजांच्या रेसिडेन्सीच्या पडक्या इमारतीवर रात्रंदिवस फडकत ठेवलेला युनियन जॅक, जो ऑगस्ट १९४७ पर्यंत एकदाही उतरवला गेला नाही, तो तरी काय होता? एकाच्या स्मृतीला सरकारी खर्चाने माळी मिळाले, दुसऱ्याची तोंडी राहिली. फरक एवढाच.

त्या बाईच्या जातीला पुढे काय मिळाले ते कायद्याच्या पुस्तकात आहे. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा सुरुवातीला लागू झाला तो वायव्य प्रांत, अवध आणि पंजाबात. पुढे त्याच्या यादीत पासींचे नाव आले. यादीत नाव आले की ठाण्यावर हजेरी, गाव सोडायला परवाना, झडती. मराठी वाचकाला हे परके नाही. हाच कायदा पुढे मुंबई इलाख्यातही आला. सोलापूरच्या काटेरी तारांच्या सेटलमेंटमध्ये कोंडलेल्या पारधी, कैकाडी कुटुंबांनी तोच भोगला, आणि लक्ष्मण मानेंचा 'उपरा', लक्ष्मण गायकवाडांचा 'उचल्या' वाचलेल्या माणसाला हजेरीचा अर्थ सांगावा लागत नाही. ज्याची जमीन गेली त्याला आधी राखणदार करायचे, मग चोर ठरवायचे: अवधपासून सोलापूरपर्यंत हा क्रम फारसा बदलला नाही.

आता या कथेत एक मराठी माणूस येतो. श्रीधर बळवंत जोधपूरकर. ग्वाल्हेर संस्थानातल्या मराठी ब्राह्मण घरातला हा मुलगा लहानपणीच घरातून बाहेर पडला, मिळेल ते काम करत हिंडला, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी गिरमिट्या, म्हणजे करारबद्ध, मजूर म्हणून फिजीला गेला. जाताना त्याने नाव बदलले आणि तो रामचंद्र राव झाला. ब्राह्मणाचे हात उसाच्या मळ्यात टिकणार नाहीत म्हणून भरती करणारे त्याला घेत नसत. फिजीच्या उसावर सत्ता होती सिडनीच्या कलोनियल शुगर रिफायनिंग कंपनीची. बारा-तेरा वर्षे तिथे काढून, मजुरांत रामलीला बसवून, त्यांच्या तक्रारींसाठी भांडून तो परत आला आणि अयोध्येला साधू होऊन राहिला. काखेत तुळशीदासांचे रामचरितमानस आणि तोंडात 'सीताराम'. लोक त्याला बाबा रामचंद्र म्हणू लागले.

मराठी माणसाला लखनौ ठाऊक असते ते दोन कारणांनी: १९१६ च्या काँग्रेस अधिवेशनातले लोकमान्य टिळक, आणि भातखंड्यांनी १९२६ मध्ये कैसरबागेत सुरू केलेले मॅरिस संगीत कॉलेज. बाबा रामचंद्र या यादीत सहसा नसतात. मला हे खटकते. जवाहरलाल नेहरूंनी आत्मचरित्रात महाराष्ट्रातून आलेला म्हणून त्यांचा उल्लेख केला आहे, आणि आपल्याकडे शाळेच्या पुस्तकात त्यांची एक ओळ असली तर असली.

बाबा प्रतापगड, रायबरेली, फैजाबाद या जिल्ह्यांतल्या गावांत बसून लोकांना बोलते करत. पट्टा वाढवून घ्यायचा तर नजराणा. मालकाने हत्ती घेतला तर हथियावन, मोटार घेतली तर मोटरावन, महायुद्ध सुरू झाले तर लढाईचा चंदा. वेठ वेगळी. नजराणा भरण्यासाठी मुलींची लग्ने पैसे घेऊन लावावी लागतात, हेही लोक बोलू लागले, आणि ते बोलणे सोपे नव्हते. बाप मेला की त्याचे शेत मुलाकडून काढून जास्त पैसे देणाऱ्याला विकायचे. त्याला नाव होते मुर्दाफरोशी. प्रेताचा बाजार. ज्या शेतात आजोबा राबले त्यावर नातवाचा काडीचा हक्क नाही, ही १८५९ च्या सनदेची साठ वर्षांनी आलेली फळे.

जून १९२० मध्ये बाबा काही शे शेतकऱ्यांना घेऊन पायी अलाहाबादेला गेले. त्यांनी नेहरूंना गावांत यायला लावले. ऑगस्टमध्ये बाबांना चोरीच्या आरोपाखाली पकडले गेले. हजारोंचा जमाव प्रतापगडला जमला, हटेना, आणि सरकारला त्यांना सोडावे लागले. त्यानंतर व्ही. एन. मेहता या आय.सी.एस. अधिकाऱ्याने प्रतापगडची चौकशी केली. गावोगावच्या कुळांच्या जबान्या घेतल्या, नजराण्याच्या, बेदखलीच्या नोंदी केल्या, आणि तक्रारी बऱ्याच अंशी खऱ्या आहेत असा अहवाल दिला. सरकारला तो फारसा रुचला नाही. पण अवधच्या कुळाचे म्हणणे, कुळाच्या तोंडून, सरकारी कागदावर आले.

फिजीच्या उसावर ज्या सिडनीच्या कंपनीची सत्ता होती, त्या शहरापासून सुरू झालेल्या देशात साक्ष नोंदवून घेण्याची ही गोष्ट आज एका वेगळ्या नावाने चालू आहे. ऑस्ट्रेलिया ही कुणाचीच भूमी नव्हती, असे तिथल्या कायद्याने दोनशे वर्षे मानले. १९९२ च्या माबो निकालात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ते मानणे रद्द केले. २०१७ च्या उलुरू निवेदनात मूळनिवासींनी सत्यकथनाची मागणी केली: जमीन कशी गेली, कुणी घेतली, किती माणसे मारली गेली, हे सरकारने ऐकून लिहून घ्यावे. व्हिक्टोरिया राज्यात २०२१ पासून योरूक आयोगाने अशा साक्षी घेतल्या. तिथले मूळनिवासी सांगतात की आम्ही जमिनीचे मालक नाही, जमिनीची माणसे आहोत. अवधचा शेतकरी आणि तो मूळनिवासी एक नव्हेत. त्याच्या मागे साठ हजार वर्षांचा वास आहे, याच्या मागे नांगराची काही शतके. पण आधी जमीन घेणाऱ्याला साक्ष ऐकायला बसवायचे आणि मग पुढचे बोलायचे, हे दोघांनाही उमगले होते.

इकडे डिसेंबर १९२० मध्ये अयोध्येला किसानांची विराट सभा भरली. लाखाच्या आसपास माणसे आली असे सांगतात. बाबा व्यासपीठावर आले ते अंगाला दोरखंड बांधून. तालुकदारांच्या राज्यात शेतकरी असा बांधलेला आहे, एवढे सांगायला त्यांना भाषण लागले नाही. पुढच्याच महिन्यात, ७ जानेवारी १९२१ ला, रायबरेलीजवळ मुन्शीगंजला सई नदीच्या पुलापाशी शेतकऱ्यांवर गोळीबार झाला. फेब्रुवारीत बाबांना बनारसला अटक झाली. गांधीजींनी शेतकऱ्यांना खंड बंद करू नका, जमीनदारांना आपलेसे करा असे सांगितले. स्वराज्याची आघाडी फुटू नये हा त्यांचा हेतू कळतो. ज्याला सकाळी शेतातून काढले आहे त्याला तो संध्याकाळी कसा पटणार?

बाबा तुरुंगात असतानाच, १९२१ च्या अखेरीस, हरदोई, बाराबंकी आणि लखनौ जिल्ह्यांत 'एका' चळवळीने जोर धरला. एका, म्हणजे एकी. तिचा सर्वांत गाजलेला पुढारी मदारी पासी. गावच्या सभेत जमिनीत खड्डा खणत, त्यात पाणी भरत आणि ती गंगा मानत. पंडित समोर बसे. मग एकेक जण शपथ घेई: नोंदलेला खंड वेळेवर देईन, त्यावर एक पैसा देणार नाही, वेठ करणार नाही, गुन्हेगाराला साथ देणार नाही, पंचायतीचा निवाडा मानीन, आणि बेदखल केले तरी शेत सोडणार नाही. त्या शपथेतले एक कलम गुन्ह्याविषयी आहे, हे विसरू नये. सरकारच्या यादीत ज्यांना जन्मजात गुन्हेगार म्हटले, त्यांचाच माणूस मातीत खणलेल्या गंगेसमोर गावाला ते कलम म्हणायला लावत होता. १९२२ च्या पूर्वार्धात पोलीस आणि लष्कराने ही चळवळ मोडली. जूनमध्ये मदारी पासी पकडला गेला.

काहीच हाती लागले नाही असेही नाही. १९२१ च्या कूळकायदा दुरुस्तीने कुळाला हयातभर जमीन कसण्याची हमी मिळाली, पण खुद्द कसणीची म्हणून जमीन वाढवायला तालुकदारांना वाट मोकळी ठेवली, आणि बेदखली त्या वाटेने पुन्हा आली. आपल्याकडे १९३३ ते १९३९ चाललेला अलिबागजवळच्या चरी गावचा शेतकऱ्यांचा संप आठवावा. खोताच्या विरोधातली ती लढाईही अशीच लांबली होती. बाबा तुरुंगातून सुटल्यावर पुन्हा गावांत गेले. त्यांच्या कुर्मी पत्नी जग्गी यांनी बायकांची किसानिन सभा उभी केली. बाबा १९५० मध्ये वारले. त्यांनी हिंदीत लिहून ठेवलेल्या आठवणींचे कागद दिल्लीला तीन मूर्तीच्या संग्रहात आहेत. कमलाकांत त्रिपाठींनी या लढ्यावर 'बेदखल' ही हिंदी कादंबरी लिहिली.

उत्तर प्रदेशात जमीनदारी संपली ती १ जुलै १९५२ ला. गुन्हेगार जमातींची मुक्तता झाली ३१ ऑगस्ट १९५२ ला. मध्ये फक्त दोन महिने. पण पहिल्या दिवशी जमीन मिळाली ती ज्यांचे नाव कसणारा म्हणून कागदावर होते त्यांना. अनेक पासींचे नाव तोवर फक्त ठाण्याच्या हजेरीपटावर होते. पुढे किल्ल्याच्या ढिगाऱ्यांवर बिजली पासीचा पुतळा उभा राहिला आणि २००० साली टपाल खात्याने त्याचे तिकीट काढले. ढिगाऱ्यांभोवतीची शेते तोवर प्लॉट पडून वसाहतीत गेली होती, आणि छावणीखाली गेलेली गावे छावणीतच आहेत.